लाल बावट्याचे बेट : डहाणू-तलासरीतील आठ दशकांचे राजकारण

नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र विधानसभेचे निकाल लागले, तेव्हा २८८ जागांपैकी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या वाट्याला एकच जागा आली. ती होती पालघर जिल्ह्यातील डहाणूची. विनोद निकोले यांनी भारतीय जनता पक्षाच्या उमेदवाराचा सुमारे पाच हजार मतांनी पराभव करून ही जागा राखली. २०१९ मध्येही राज्यातील पक्षाचे एकमेव आमदार तेच होते. त्याआधी २००९ मध्ये राजाराम ओझरे यांच्या रूपाने पक्षाला मिळालेली एकमेव जागा डहाणूचीच होती. चर्चगेटपासून सव्वाशे किलोमीटरवर, लोकल गाडीच्या शेवटच्या स्थानकापाशी, लाल बावट्याचे हे बेट टिकून राहिले आहे.

प्रश्न साहजिकच पडतो, की नेमके इथेच का? एके काळी या पक्षाचा बालेकिल्ला म्हणून मुंबईच्या गिरणगावाचे नाव घेतले जाई. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ साली कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे मुंबईतून लोकसभेवर गेले. परंतु १९७० मध्ये आमदार कृष्णा देसाई यांची हत्या झाली, त्यानंतरची परळची पोटनिवडणूक शिवसेनेने जिंकली आणि जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्याच उरल्या नाहीत. कामगार विखुरला, तसा पक्षही ओसरला. डहाणू-तलासरीत मात्र ज्या प्रश्नावर संघटना उभी राहिली, तो जमिनीचा प्रश्न रूप बदलत जिवंत राहिला. या टापूच्या राजकारणाचे मर्म त्यातच शोधावे लागते.

वेठ आणि लग्नगडी

वारली म्हटले की शहरी वाचकाला आठवतात त्या गेरूच्या भिंतीवरील पांढऱ्या रेघा. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हशे यांनी ही चित्रकला जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच समाजाचे जिणे गुलामीपेक्षा फारसे वेगळे नव्हते.

ब्रिटिश राजवटीत जमीन महसुलाची रोकड पद्धत आली आणि वनखात्याने जंगलावर हक्क सांगितला. रोख पैसा हाताशी नसलेला वारली सावकाराच्या दारी गेला आणि काही दशकांत डहाणू-उंबरगाव पट्ट्यातील बहुतेक शेतजमीन बाहेरून आलेल्या सावकार-जमीनदारांच्या नावावर झाली. जो कालपर्यंत मालक होता, तो त्याच शेतावर कूळ म्हणून राबू लागला. तेही केव्हाही हाकलून देता येईल असे कूळ. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की 'खावटी' उचलायची आणि सुगीला ती वाढीव मापाने फेडायची, हे चक्र कधी थांबत नसे.

याच्या जोडीला होती वेठ. जमीनदाराच्या शेतावर, घरी, गुरांमागे विनामोबदला काम करणे हा जणू खंडाचाच भाग मानला जाई. त्याहून विदारक होती 'लग्नगडी' ही प्रथा. लग्नासाठी शे-दोनशे रुपये उचलणारा तरुण सावकाराचा गडी बनत असे आणि त्याची बायकोही त्याच घरी राबत असे. कर्जाचा हिशेब मालकाच्या वहीत असल्याने ते फिटत नसे. मारहाण आणि स्त्रियांची विटंबना या गोष्टी इतक्या नित्याच्या होत्या, की त्यांची तक्रार होऊ शकते ही कल्पनाच नव्हती. मुंबई सरकारने नेमलेले सनदी अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस दिलेल्या अहवालात ही स्थिती नोंदविली होती. अहवाल झाला, वेठ मात्र चालू राहिली.

टिटवाळा ते झरी

जानेवारी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात टिटवाळा येथे महाराष्ट्र प्रांतिक किसान सभेचे अधिवेशन भरले. त्याच्या तयारीसाठी गोदावरी परुळेकर यांनी जिल्हा पिंजून काढला होता. १९०७ मध्ये पुण्यातील सुखवस्तू गोखले कुटुंबात जन्मलेल्या गोदावरीबाई कायद्याच्या पदवीधर होत्या. भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य. तेथेच त्यांचा शामराव परुळेकर यांच्याशी परिचय झाला. पुढे दोघे विवाहबद्ध झाले, कम्युनिस्ट पक्षात आले आणि युद्धविरोधी प्रचारासाठी १९४० ते १९४२ या काळात त्यांनी तुरुंगवास भोगला.

टिटवाळ्याच्या अधिवेशनाला उंबरगाव भागातून माह्या धांगडा आणि काही वारली आले होते. आपल्या भागातील वेठीची हकिकत त्यांनी तेथे मांडली आणि किसान सभेने आपल्याकडे यावे, असा आग्रह धरला. पुढील इतिहासाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. पक्ष आदिवासींकडे गेला, हे जितके खरे, तितकेच आदिवासींनी पक्षाला बोलावून आणले, हेही खरे.

२३ मे १९४५ रोजी झरी या गावी सभा झाली. हे गाव आज तलासरी तालुक्यात आहे. सुमारे पाच हजार वारली जमले. सभेत ठरले ते मोजकेच होते : यापुढे वेठ करायची नाही, दिवसाला बारा आणे रोख मजुरी मिळाल्याखेरीज मालकाच्या शेतावर जायचे नाही, मारहाण सोसायची नाही आणि एकजूट मोडायची नाही. या ठरावांत समाजवादाची परिभाषा नव्हती. परंतु ते ऐकून परतलेले लोक लाल बावटा घेऊन पाड्यापाड्यांवर गेले आणि लग्नगड्यांना मालकांच्या घरांतून बाहेर काढू लागले. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली प्रथा काही आठवड्यांत कोसळली. लाल बावटा हे पक्षाचे चिन्ह म्हणून नव्हे, तर वेठ संपल्याची खूण म्हणून घराघरांत पोहोचला.

तलवाडा आणि नानिवली

वेठ गेली, आता मजुरीचा प्रश्न पुढे आला. या पट्ट्यातील गवताचा मोठा व्यापार होता आणि पावसाळा संपताच कापणीचा हंगाम सुरू होई. पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मिळावेत, ही किसान सभेची मागणी होती. ती मान्य होईना, तेव्हा संप झाला.

याच काळात गोदावरीबाईंच्या जिवाला धोका असून त्यांच्या रक्षणासाठी तलवाडा येथे जमावे, अशी अफवा पसरविण्यात आली. हजारो वारली तेथे गोळा झाले. दुसरीकडे, आदिवासी दंगल माजविणार असल्याचे पोलिसांना कळविण्यात आले होते. १० ऑक्टोबर १९४५ रोजी पोलिसांनी या जमावावर गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. गोळीबार होऊनही जमाव रात्रभर हलला नाही. बाईंचे काय झाले हे कळल्याशिवाय जायचे नाही, असा त्यांचा निर्धार होता. १० ऑक्टोबर हा दिवस या भागात आजही हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो.

पुढच्या वर्षी जंगलतोडीच्या मजुरीचा प्रश्न आला. जंगल कामगारांना दिवसाला सव्वा रुपया मिळावा, यासाठी लढा सुरू झाला. तोवर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले होते आणि मोरारजी देसाई गृहमंत्री होते. लोकनियुक्त सरकारकडून वेगळ्या वागणुकीची अपेक्षा होती. परंतु परुळेकरांसह नेत्यांना जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. ७ जानेवारी १९४७ रोजी पालघर तालुक्यातील नानिवली येथे पुन्हा गोळीबार झाला आणि त्यातही पाच जणांचा बळी गेला. स्वातंत्र्य सात महिन्यांवर आले असताना झालेल्या या गोळीबाराने काँग्रेस आणि वारली यांच्यात जी दरी पडली, तिने पुढील अनेक निवडणुकांचे गणित ठरविले.

या उठावाची हकिकत शामरावांनी इंग्रजी पुस्तिकेत लगेच लिहून ठेवली. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० मध्ये आले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. या कोपऱ्यातील लढा मराठी मध्यमवर्गापर्यंत पोहोचला, तो मुख्यतः या पुस्तकामुळे.

चळवळीचा पक्ष झाला

मजुरीच्या लढ्यानंतर आला कुळांचा प्रश्न. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या 'कृषक दिना'ने कसणाऱ्याला मालकी मिळण्याची वाट कागदोपत्री खुली केली. परंतु निरक्षर कुळाला आपण कूळ असल्याचा पुरावा मामलेदार कचेरीत कसा द्यायचा, हे ठाऊक नव्हते. सातबाराच्या उताऱ्यावर नाव लावणे, अर्ज लिहिणे, तारखेला हजर राहणे, जमीनदाराच्या दबावापुढे साक्षीदार टिकविणे, ही कामे कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे केली. मोर्चे वर्तमानपत्रांत दिसत. ही कारकुनी कधी दिसली नाही. पक्षाची मुळे खोल गेली, ती मात्र या कामामुळे.

१९५७ च्या निवडणुकीत ठाणे मतदारसंघ द्विसदस्य होता. तेथून शामराव परुळेकर आणि आदिवासींसाठी राखीव जागेवर लक्ष्मण महादू मातेरा, असे दोघेही कम्युनिस्ट उमेदवार लोकसभेवर गेले. बारा वर्षांपूर्वी ज्यांना वेठबिगारीतून सुटायचे होते, त्यांच्यातलाच एक जण संसदेत पोहोचला होता.

१९६० मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याची विभागणी झाली, तेव्हा उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला. उरलेली गावे महाराष्ट्रात राहून तलासरीचा स्वतंत्र कारभार सुरू झाला. वारली वस्ती दोन राज्यांत वाटली गेली. मात्र लाल बावट्याचे बळ सीमेच्या अलीकडे एकवटले.

१९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटला. परुळेकर दांपत्य मार्क्सवादी पक्षात गेले आणि त्यांच्यामागोमाग डहाणू-तलासरीची संघटनाही गेली. शामराव ३ ऑगस्ट १९६५ रोजी स्थानबद्धतेत असतानाच वारले. गोदावरीबाईंनी त्यानंतर तीन दशके काम केले. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी, हुतात्मा दिनाच्या दोनच दिवस आधी, त्यांचे निधन झाले.

मधल्या काळात नेतृत्वाची दुसरी पिढी तयार झाली होती. आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत तलासरी भागातील लहानू कोम डहाणूतून लोकसभेवर निवडून आले. बाहेरून आलेल्या नेत्यांनी उभी केलेली संघटना स्थानिक आदिवासींच्या हाती गेली, हा या इतिहासातील कळीचा टप्पा. नेते गेल्यावर अनेक चळवळी विरून जातात. येथे तसे झाले नाही.

यामागे शिक्षणाचाही वाटा आहे. परुळेकरांच्या पुढाकाराने आदिवासी प्रगती मंडळ स्थापन झाले, शाळा निघाल्या, वसतिगृहे झाली. तलासरीतील महाविद्यालयाला आज गोदावरी शामराव परुळेकर यांचे नाव आहे. पंचायत समितीवर पक्षाचे दीर्घकाळ वर्चस्व राहिल्याने रेशन, पाणी, दाखले अशा दैनंदिन बाबींतही पक्ष दिसत राहिला.

त्याच मातीतील इतर प्रवाह

अर्थात हा सारा टापू एकरंगी होता, असे समजणे चुकीचे ठरेल. १९७० च्या दशकात काळूराम धोदडे यांच्या भूमिसेनेने पालघर भागात आदिवासींच्या गेलेल्या जमिनींचा प्रश्न हाती घेतला. त्याच दशकाच्या अखेरीस डहाणू परिसरात कष्टकरी संघटना उभी राहिली. जमीन, मजुरी, जंगल हेच प्रश्न तिने घेतले. मात्र पक्षीय निवडणुकांपासून वेगळी वाट धरली. एकाच समाजात दोन झुंजार संघटना म्हटल्यावर तेढ आलीच. मार्क्सवादी कार्यकर्ते आणि कष्टकरी संघटना यांच्यातील संघर्ष अनेकदा कटू झाला. प्रस्थापितांविरुद्ध लढून उभा राहिलेला पक्ष स्वतःच्या गावांत प्रस्थापित झाल्यावर नव्या आवाजाकडे कसा पाहतो, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

दुसरा प्रवाह संघ परिवाराचा. तलासरीत विश्व हिंदू परिषदेच्या कामातून १९६० च्या दशकात वसतिगृह सुरू झाले आणि त्यातून शिकलेल्या मुलांची वेगळी फळी घडली. चिंतामण वनगा हे तिचे ठळक उदाहरण. ते वकील झाले, १९९६ आणि १९९९ मध्ये डहाणूतून, तर २०१४ मध्ये पालघरमधून भाजपचे खासदार झाले. म्हणजे ज्या तालुक्याने लाल बावट्याला आमदार-खासदार दिले, त्यानेच त्याचा प्रमुख प्रतिस्पर्धीही दिला. २०१४ मध्ये डहाणूची विधानसभेची जागाही भाजपचे पास्कल धनारे यांनी मार्क्सवादी पक्षाकडून घेतली. २०१९ मध्ये ती परत मिळाली, पण पाच हजारांहून कमी मतांच्या फरकाने. बेटाचे किनारे झिजत आहेत, याची ही आकडेवारी साक्ष देते.

जमिनीनंतर जंगल

तरीही पक्ष टिकला, याचे उत्तर जंगलजमिनीच्या प्रश्नात सापडते. कूळकायद्याने खाजगी जमिनींचा प्रश्न बऱ्याच अंशी मार्गी लावला. परंतु असंख्य आदिवासी कुटुंबे वनखात्याच्या नावावर असलेल्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसत होती. कधी त्यांना एकसाली पट्टे मिळत, कधी तेच अतिक्रमण ठरे. पूर्वी सावकाराचा मुकादम येई, त्या जागी आता वनरक्षक येऊ लागला.

२००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासींचा हक्क त्याने मान्य केला. दावा दाखल करणे, पुरावे जोडणे, ग्रामसभेचा ठराव घेणे, फेटाळलेल्या दाव्यावर अपील करणे, हे सारे पुन्हा सुरू झाले. १९५७ नंतर सातबारासाठी केलेली कारकुनी अर्ध्या शतकाने वनपट्ट्यांसाठी नव्याने करावी लागली आणि ते काम येणारी संघटना गावात आधीपासूनच होती.

६ ते १२ मार्च २०१८ या काळात किसान सभेचा नाशिक ते मुंबई असा मोर्चा निघाला, तेव्हा शहरी महाराष्ट्राने हा प्रश्न प्रथमच जवळून पाहिला. सुमारे १८० किलोमीटर चालून आलेल्या आदिवासींच्या पायांतील भेगा दूरचित्रवाणीवर दिसल्या. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून मोर्चेकरी रात्रीतूनच आझाद मैदानाकडे निघाले, याचे मुंबईकरांनी कौतुक केले. त्यांच्या मागण्यांत वनजमिनीचे पट्टे अग्रभागी होते. सरकारने लेखी आश्वासन दिले; अंमलबजावणीसाठी मात्र पुढेही मोर्चे काढावे लागले.

बेट पसरले का नाही?

आता उलट प्रश्नही विचारायला हवा. ज्या पक्षाने येथे एवढे मिळविले, तो शेजारी का पसरला नाही? नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा-कळवण पट्ट्यात जे. पी. गावित यांच्या नेतृत्वाखाली पक्ष रुजला. २०१४ मध्ये राज्यातील पक्षाचे एकमेव आमदार ते होते. सोलापुरात विडी आणि यंत्रमाग कामगारांत नरसय्या आडम यांनी संघटना टिकविली. परंतु ही तिन्ही ठिकाणे एकमेकांना जोडली गेली नाहीत. रायगडात शेतकरी कामगार पक्षाबाबत जे घडले, त्याच्याशी याचे साम्य आहे. प्रत्यक्ष लढ्यातून मिळालेली निष्ठा त्या लढ्याच्या भूगोलातच घट्ट राहते. तिची निर्यात करता येत नाही. जेथे वेठ संपविल्याची आठवण नाही, तेथे लाल बावटा हा इतर झेंड्यांसारखाच एक झेंडा ठरतो.

डहाणू मतदारसंघातही हे दिसते. २००८ च्या पुनर्रचनेनंतर त्यात तलासरी तालुका आणि डहाणू तालुक्याचा काही भाग येतो. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरीची लोकसंख्या सुमारे दीड लाख असून तीत जवळपास नव्वद टक्के आदिवासी आहेत. डहाणूत मात्र रेल्वेच्या पश्चिमेला चिकूच्या वाड्या, व्यापारी पेठ आणि मच्छीमारांची गावे, तर पूर्वेला डोंगर आणि पाडे, असे दोन वेगळे समाज शेजारी नांदतात. एकाची स्मृती दुसऱ्याची नाही.

नवी पिढी, नवे प्रश्न

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यानंतरचे प्रश्न १९४५ च्या शब्दसंग्रहात बसत नाहीत. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी या भागातील जमिनी गेल्या. डहाणूजवळच्या वाढवण बंदराचा प्रस्ताव १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने फेटाळला होता. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये नव्या प्रस्तावाला परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. सुमारे ७६ हजार कोटींच्या या प्रकल्पाविरुद्ध किनाऱ्यावरील मच्छीमार आणि पूर्वेकडील आदिवासी एकत्र आले. आजवर वेगळी राहिलेली डहाणूची दोन जगे या निमित्ताने प्रथमच एका बाजूला उभी राहिली.

दुसरीकडे, तलासरीतील तरुण आता केवळ शेतावर अवलंबून नाही. तो सीमेपलीकडे उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत किंवा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर जातो. त्याच्या आजोबांनी बारा आण्यांसाठी संप केला; त्याचा मालक कोण, हेच त्याला पुष्कळदा कंत्राटदारापलीकडे ठाऊक नसते. शेतावरचा मजूर संघटित करणारी पद्धत या कारखान्यांतील मजुराला कशी लागू करायची, याचे उत्तर संघटनेला अजून शोधायचे आहे. शिकलेली मुले नोकरी मागतात आणि बंदर येणार म्हणजे रोजगार येणार, असे आश्वासनही त्यांच्या कानांवर येते. ते खरे की खोटे, हे सांगण्यासाठी हुतात्म्यांची आठवण पुरेशी नाही.

आठ दशकांचा हा इतिहास एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगतो. डहाणू-तलासरीत पक्ष टिकला तो सिद्धान्तावर नव्हे आणि केवळ स्मृतीवरही नव्हे. वेठ, मजुरी, कूळहक्क, वनपट्टा अशा प्रत्येक पिढीच्या निकडीच्या प्रश्नावर तो गावात हजर होता, म्हणून टिकला. गिरणगावात कामगारांचा प्रश्न गिरण्यांबरोबरच नाहीसा झाला. येथे जमीन जागच्या जागी राहिली. आता त्या जमिनीवरूनच रेल्वे आणि बंदराचे रस्ते जाऊ लागले आहेत. सुमारे पाच हजार मतांच्या आघाडीवर उभ्या असलेल्या या बेटाचे भवितव्य, कंत्राटी कामगार आणि विस्थापित यांच्यासाठी नवी 'झरीची सभा' कोण भरवतो, यावर ठरणार आहे.